चार फुटांचा भाद्रपद

श्रावण लागला की लालबाग-परळच्या हवेत ओल्या प्लास्टरचा, काथ्याचा आणि रंगाचा वास मिसळतो. गिरण्यांचे भोंगे थांबून किती तरी वर्षं झाली, पण या वासावरून गिरणगावाला अजून वेळ कळते. ताडपत्रीच्या आडोशाला परांचीवर उभं राहून कुणी सोंडेला वळण देत असतो, कुणी मुकुटाची कड घासत असतो. डोळ्यांची आखणी करणारा सगळ्यात शेवटी येतो. तो आला की आपोआप सगळे हळू बोलू लागतात. मी याच भागात वाढलो. माझं पहिलं कलादालन हेच. इथे तिकीट लागत नाही, आणि तुला यातलं काय कळतं, असंही कुणी विचारत नाही.

मुंबईची सगळ्यात मोठी सार्वजनिक कला कुठली असं कुणी विचारलं, तर मी गणपती म्हणेन. वीस फुटांची ती मूर्ती दहा-अकरा दिवसांसाठी घडते आणि मग समुद्रात जाते. तिच्यामागे कुणी एक राजा नसतो की सावकार नसतो. चाळीच्या जिन्यांवरून हातोहात फिरणाऱ्या वर्गणीच्या पुस्तकावर तिचा पाया असतो. दुकानदारांच्या, जाहिरातदारांच्या कमानी नंतर आल्या. हे शहर आपल्या कलावंताला फार पूर्वीपासून पोसत आलं आहे, आणि ते त्याला काम देऊन. म्हणून काम थांबलं त्या वर्षी काय झालं, ते नीट आठवायला हवं.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. मंडळांची आणि मूर्तिकारांची बोलणी चालायची ते हे दिवस. त्या वर्षी फोनही कमी वाजले. कारखान्यांतले रंगारी, कामगार जमेल तसे गावाकडे गेले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळलं. घरोघरचे गणपती मुंबईला पुरवणारा पेणचा परिसर याच जिल्ह्यातला. मग जुलैत सरकारचा नियम आला : सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत.

नियम योग्यच होता. उंच मूर्ती आली की तिच्या आगमनाला गर्दी आली, विसर्जनाला गर्दी आली, आणि त्या दिवसांत गर्दी म्हणजे मरण होतं. लालबागच्या राजाच्या मंडळानं तर १९३४ पासूनच्या परंपरेत पहिल्यांदाच मूर्ती बसवली नाही. त्याऐवजी आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. या शहराचा मला अभिमान वाटला तो तेव्हा. उत्सवावर जीव टाकणाऱ्या लोकांनी मांडवाची जागा रक्तपेढीला दिली, आणि तेही कुरकुर न करता.

पण मूर्ती चार फुटांवर आली तरी कारखान्याचं भाडं चार फुटांवर आलं नाही. वीस फुटांच्या गणपतीमागे किती हात असतात ते मोजून पाहा. लाकूड-लोखंडाचा सांगाडा उभारणारा, काथ्या भिजवणारा, साचा धरणारा, घासकाम करणारा, रंगारी, आखणीवाला, दागिन्यांवर खडे लावणारा, ट्रॉलीचं वेल्डिंग करणारा. पुढे देखाव्याचे पडदे रंगवणारा, मांडववाला, विजेची रोषणाई करणारा, बेंजो आणि ढोलवाले. चार फुटांची मूर्ती एक मूर्तिकार आणि त्याचा मुलगा मिळून करू शकतात. बाकीचे सगळे त्या वर्षी घरी बसले. यांतल्या कितीकांना कलावंत म्हणून कुणी हाकही मारलेली नसेल.

त्यांचं काय, हा प्रश्न शहरानं विचारला नाही. माझी खंत एवढीच आहे. शेजाऱ्यांनी शिधा दिला, मंडळांनी धान्याची पाकिटं वाटली, ते सगळं खरं आणि मनापासूनचं होतं. पण ती मदत भुकेल्या माणसाला होती. त्याच्या हातातल्या कलेची वेगळी दखल त्यात नव्हती.

राज्य सरकारनं २०२१ साली कलावंतांना एकरकमी ५००० रुपये द्यायचं ठरवलं. तोवर महासाथीला दीड वर्ष होत आलं होतं. शिवाय ती मदत प्रयोगात्मक कलांसाठी, म्हणजे तमाशा, दशावतार, शाहिरी अशा रंगमंचावरच्या, फडावरच्या कलांसाठी होती. त्यांना ती मिळायलाच हवी होती, उलट ती फार थोडी होती. मात्र परांचीवर उभा राहणारा त्या व्याख्येत बसत नव्हता.

बर्लिनमध्ये मार्च २०२० संपायच्या आत शहराच्या बँकेनं स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी ५००० युरोंची मदत खुली केली. चित्रकार, वादक त्यात आलेच. अर्ज ऑनलाइन होता, आणि अनेकांच्या खात्यात काही दिवसांत पैसे पडले. ते शहर श्रीमंत आहे, हे मान्य. पण जर्मनीत कलावंतांचा सामाजिक विमा १९८३ पासून चालू आहे. निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेला त्याची कला वापरणाऱ्या संस्था आणि केंद्र सरकार मिळून भरतात. चित्र काढणं हा धंदा आहे, त्याला आजारपण आणि म्हातारपण असतं, हे तिथे संकटाआधीच कागदावर आलं होतं. आपल्याकडे संकट आल्यावर याद्या करायला घेतल्या, आणि यादी होईपर्यंत माणसं कर्ज काढून बसली होती.

याद्या संकटात होत नाहीत. त्या सुखाच्या दिवसांत करायच्या असतात. मंडपाच्या परवानगीसाठी मंडळं महापालिकेकडे अर्ज करतातच. त्याच अर्जावर मूर्ती कुणी घडवली, रंग कुणी दिला, देखावा कुणी उभारला, एवढी नावं लिहून घेतली, तर दोन-चार वर्षांत या शहराकडे आपल्या कलावंतांची खरी नोंद तयार होईल. विमा, निवृत्तिवेतन, कारखान्यासाठी जागा, हे सगळं त्या नोंदीवर पुढे मागता येईल.

२०२२ मध्ये उंचीची मर्यादा उठली. मूर्ती पुन्हा वीस फुटांच्या झाल्या, रस्ते पुन्हा भरले. यंदा वर्गणीची पावती फाडायला कार्यकर्ते दारात आले, की वर्गणी मोकळ्या हातानं द्या. आणि त्यांना एवढं जरूर विचारा : गेल्या वर्षीचे मूर्तिकाराचे पैसे पूर्ण दिले का?