लाकडी ग्लायडरांच्या मुलखात – भाग दुसरा : टोकमवॉल ते बॉर्डरटाउन

सोमवार, टोकमवॉल

सिडनीच्या उत्तरेला नॅराबीनच्या वाळूच्या टेकड्यांवरून ५ डिसेंबर १९०९ रोजी जॉर्ज ऑगस्टीन टेलर यांनी ग्लायडर उडवले आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्सही त्यातून उडाली, हे गेल्या भागात आलेच आहे. तो किनारा मागे टाकून मामा-भाचीची गाडी आता मरे नदीच्या काठी आली आहे. मामा पुण्याचे, तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकलेले. भाची मेलबर्नला नोकरीला. जुनी ग्लायडर आणि ती सांभाळणारी माणसे यांचा माग काढत दोघे दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे निघाले आहेत.

टोकमवॉल गाव लहान, पण विमानतळ अवाढव्य. १९४२ मध्ये अमेरिकी बाँबर विमानांसाठी तो घाईघाईने उभारला गेला. आकाशातून पाहणाऱ्या शत्रूला साधी वस्ती वाटावी म्हणून सैनिकांची घरेही शहरी धाटणीची बांधली. युद्धानंतर त्यांतली बरीच उचलून कॅनबेराला नेली. लांबरुंद धावपट्ट्या मात्र जागेवरच राहिल्या आणि पुढे ग्लायडरवाल्यांच्या कामी आल्या.

इंगो रेनर यांनी याच तळावर वर्षानुवर्षे शिकवले. जर्मनीत जन्मलेले रेनर १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात आले आणि १९७६, १९८३, १९८५ व १९८७ असे चार वेळा जगज्जेते झाले. पण टोकमवॉलमध्ये त्यांची जी गोष्ट सांगितली जाते, ती स्पर्धेतली नाही. २४ ऑक्टोबर १९७४ रोजी जमिनीलगत हवा निश्चल होती आणि सुमारे तीनशे मीटरवर ताशी सत्तर किलोमीटरचा वारा होता. रेनर ‘लिबेल’ ग्लायडर घेऊन वाऱ्याच्या दिशेने खाली झेपावले, शांत हवेत वळले आणि पुन्हा वर चढत समोरून येणाऱ्या वाऱ्यात शिरले. दोन थरांतल्या वाऱ्याच्या वेगात जो फरक होता, त्यातून त्यांना गमावलेली उंची परत मिळाली. वर चढणारी हवा कुठेच नसताना असे ते वीसेक मिनिटे टिकून राहिले. अल्बट्रॉस पक्षी समुद्रावर हेच करतो.

ते लिबेल फायबरग्लासचे. या मॉडेलला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले १९६४ मध्ये. फायबरग्लासच्या ग्लायडरला मिळालेले ते पहिले प्रमाणपत्र. म्हणजे जे कालपर्यंत ‘नवे’ होते, तेही साठी ओलांडून गेले.

मंगळवार, बेनाला

दीड तासाचा रस्ता. व्हिक्टोरिया राज्यातला ग्लायडिंग क्लब १९२९ सालचा. आज त्याचे घर बेनालाला आहे. १९८७ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली आणि रेनर यांनी चौथे विजेतेपद घरच्या आकाशात मिळवले. २०१७ मध्येही जगभरचे वैमानिक इथे उतरले होते.

सुरुवातीच्या क्लबांकडे काय होते? लाकडी सांगाडा, वर कापडाचा पंख, समोर उघड्यावर एकच आसन. शिक्षक शेजारी बसण्याची सोयच नव्हती. जमिनीवरून सूचना ऐकायच्या आणि एकट्याने उडायचे. आधी जमिनीवर घसरत जायचे, मग हातभर उंच, मग थोडे आणखी. ग्लायडर आपटले की आठवडाभर त्याची दुरुस्ती करायची. अशा क्लबांत प्रत्येक वैमानिक आपसूकच सुतार झाला. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय ग्लायडिंग महासंघ स्थापन झाला, तोवर दोन दशके हा खेळ या हातांच्या बळावर चालला होता.

बुधवार, बॅकस मार्श

मेलबर्नच्या पश्चिमेला, एल्मच्या झाडांनी दुतर्फा वेढलेला रस्ता ओलांडून गाडी बॅकस मार्शच्या विमानतळावर आली. ऑस्ट्रेलियन ग्लायडिंग म्युझियम इथे आहे. आत शिरताच वार्निश आणि लाकडाच्या भुशाचा वास येतो. इथली ग्लायडर नुसती मांडून ठेवलेली नाहीत. कार्यशाळेत स्वयंसेवक कामाला लागलेले असतात.

एका उघड्या पंखाशी मामा बराच वेळ थांबले. वरचे कापड काढलेले होते. नाकापासून मुख्य दांड्यापर्यंत पातळ प्लायवूडचे कवच, मागे एकामागून एक नाजूक फासळ्या. काम करणारे गृहस्थ बोटाच्या पेराने प्लायवूडवर टकटक करत पुढे सरकत होते. डॉक्टर पाठ ठोकून छाती तपासतात, तसेच. जोड घट्ट असला की आवाज खणखणीत येतो, सुटला असला की बोद. मग भोकातून छोटा आरसा आणि टॉर्च आत सारून ते डिंकाची रेघ पाहतात. केसीन हा जुना डिंक दुधातल्या प्रथिनाचा. ओल लागली की त्याला बुरशी धरते. म्हणून लाकडी ग्लायडरचा खरा वैरी वादळ नाही, गळका ट्रेलर आहे.

“मामा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा काचेमागे ठेवलं तर?” भाचीने विचारले.

“काचेमागे ठेवलं की कुणी टकटक करत नाही गं,” मामा म्हणाले.

मेलबर्नच्या जेफ रिचर्डसन यांचे ‘गोल्डन ईगल’ हे ग्लायडर वैमानिकानेच सुतार होण्याच्या या परंपरेतले. स्वतःच आराखडा काढून त्यांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले. १९३७ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे कित्येक दशके उडत राहिले. युरोपातले कारखाने जहाजाने कित्येक आठवड्यांच्या अंतरावर होते. त्या काळात या माणसाने घरच्या घरी गरुड घडवला. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या ग्लायडरांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात अशाच माणसांपासून करावी लागते.

गुरुवार, वाटेत

बॅलराट, अरारॅट, हॉर्शम. कापणी झालेली गव्हाची शेते, त्यावर मृगजळ. अरारॅटजवळ ग्रॅम्पियन्स डोंगर दिसतात. पश्चिमेचा वारा त्यांना ओलांडून लाटेसारखा उसळतो आणि त्या लाटेवर ग्लायडर खूप उंच जातात.

गाडीत विषय निघाला युद्धकाळाचा. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या धास्तीने डी हॅविलँडच्या ऑस्ट्रेलियन कारखान्याने सैनिक वाहून नेणारी ग्लायडर बांधायला घेतली. जी-१ दोन झाली, जी-२ सहा. ती लढाईवर गेलीच नाहीत. त्यांतल्या एका जी-२ ला युद्धानंतर अगदी जाड पंख बसवून, पृष्ठभागावरची हवा शोषून घेतली तर पंखाची क्षमता किती वाढते, याचे प्रयोग झाले.

शुक्रवार, बॉर्डरटाउन

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेजवळचे हे गाव माजी पंतप्रधान बॉब हॉक यांचे जन्मस्थान. जुन्या ग्लायडरांचा जानेवारी मेळावा अनेक वर्षे इथे भरत आला आहे. सपाट माळ, चाळिशीच्या घरातला पारा आणि दुपारी आकाशात कापसाचे पुंजके: ग्लायडरवाल्याला आणखी काय हवे?

सकाळी ट्रेलर उघडू लागले. पंख बाहेर आले. पिन बसवायला चार हात लागतात, म्हणून शेजारचा मालक आपले काम सोडून आला. मग दोघे मिळून तिसऱ्याकडे गेले. एकट्याच्या मालकीची ग्लायडर कमीच. बहुतेक दोघा-चौघांत सामाईक. एखादे लाकडी ग्लायडर जुन्या मोटारीच्या किमतीत मिळते, पण हँगरमधली जागा, वार्षिक तपासणी, नवे कापड आणि मुख्य म्हणजे वेळ, हे सगळे पुढे द्यावे लागते. एका मालकाने लॉगबुक दाखवले. पानोपानी वेगवेगळी अक्षरे, क्लबांची बदलती नावे, दुरुस्त्यांच्या नोंदी. विकताना तो ग्राहकाची ऐपत विचारत नाही. ट्रेलर कुठे उभा करणार, एवढेच विचारतो.

मैदानावर सर्वांत जास्त चर्चा एडमंड श्नायडर यांच्या ग्लायडरांची. सायलेशियातल्या ग्रुनाऊ गावात त्यांचा कारखाना होता. तिथे १९३१ साली ‘ग्रुनाऊ बेबी’ जन्मले आणि पुढे जगभरात सहा हजारांच्या आसपास बांधले गेले. युद्धात कारखाना गेला, गावही पोलंडच्या हद्दीत गेले. १९५१ मध्ये श्नायडर कुटुंब ऑस्ट्रेलियात आले आणि अॅडलेडजवळ पॅराफिल्डला त्यांनी नव्याने संसार मांडला. ‘कुकाबरा’, ‘किंगफिशर’, ‘अॅरो’, ‘बूमरँग’ ही सगळी तिथलीच अपत्ये. नंतरच्या घडणीत मुलगा हॅरी यांचा मोठा वाटा. १९५२ चे कुकाबरा दोन आसनी. देशभरच्या क्लबांत एका पिढीने त्यातच धडे गिरवले.

शनिवार, बॉर्डरटाउन

आज मामांना कुकाबरात बसायला मिळाले. दोन्ही आसने शेजारी-शेजारी, किंचित मागेपुढे. मामांनी शेजारच्या मालकाला सांगितले की भारतातही असेच एक होते: ‘रोहिणी’, पहिले उड्डाण १९६१, शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून. हडपसरला ते त्याच्यावरच शिकले होते. मालकाने लगेच विचारले, तिचा डिंक कोणता होता? पंख किती लांब? कुणी अजून उडवते का?

टो-विमानाने सहाशे मीटरवर सोडले. दोर सुटताच आवाज संपला, फक्त फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याची शीळ उरली. पॅनेलवर काचेच्या दोन उभ्या नळ्या: एकीत हिरवी गोळी, दुसरीत लाल. हवा वर नेत असली की हिरवी वर उठते, खाली ओढू लागली की लाल. हिरवी गोळी उसळली आणि मालकाने पंख झुकवला. समोर त्याच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या झोतात, एक वेज-टेल गरुड आधीपासून घिरट्या घालत होता. पंखांचा पसारा दोन मीटरहून अधिक. मालकाने त्याच्या बाहेरून वळण घेतले. या गरुडांनी आपल्या हद्दीत आलेल्या ग्लायडरांवर झडप घातल्याचे इथल्या वैमानिकांना चांगलेच ठाऊक आहे.

एक किलोमीटर उंचीवरून कुकाबरा फार तर वीसेक किलोमीटर तरंगते. आजची शर्यतीची ग्लायडर पन्नासच्या पुढे जातात. त्यामुळे कुकाबरात प्रत्येक थर्मल शोधावा लागतो, सोडून चालत नाही. संध्याकाळी मामांचा चेहरा उन्हाने रापलेला आणि ते भाचीला हातवारे करून एकेक वळण समजावत होते.

रात्री जेवणाच्या टेबलावर एक तरुण आला. ग्रुनाऊ बेबी विकत घ्यायची त्याची इच्छा आहे. तिघा ज्येष्ठ मालकांनी त्याला आधी कार्यशाळेत वर्षभर काम करायला सांगितले, आणि त्याने सोमवारपासूनच यायचे कबूल केले.

उद्या गाडी पॅराफिल्डला जाईल, तिथून मरेच्या काठाने वायकेरीला. १९७४ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली होती. खुल्या गटात अमेरिकेचे जॉर्ज मॉफट जिंकले, फायबरग्लासच्या ‘निंबस २’ मधून. श्नायडरांच्या लाकडी ग्लायडरांचे त्या दशकात काय झाले, ते तिथल्या जुन्या मंडळींकडूनच ऐकायचे आहे.

(क्रमशः)