शीर्षकाची डोकेदुखी

लाटेकमध्ये सेमिनार रिपोर्ट केलेल्या प्रत्येकाने ती ठळक, डावीकडची, क्रमांक लावलेली शीर्षकं पाहिली आहेत. सगळ्यांची सारखीच, जणू हॉस्टेलची खिचडी! नवशिक्यांनो, ती बदलायला टायटलसेक हे पॅकेज पुरतं. त्यातल्या टायटलफॉरमॅट या आज्ञेला क्रमाने सांगायचं: पातळी कोणती, अक्षर कसं, क्रमांक कसा, क्रमांक नि शब्दांत अंतर किती. शेवटचा महिरपी कंस बहुधा रिकामाच, पण टाकावा लागतो. टायटलस्पेसिंग ही आज्ञा डावीकडची, वरची नि खालची जागा ठरवते. झालं!

मराठीत मात्र खरी गंमत आहे. तयार नमुने शीर्षकाला स्मॉल कॅप्स लावतात, नाहीतर अक्षरं फाकवतात. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, आणि अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते, पडलेल्या दातांसारखी. उरतो आकार, ठळकपणा आणि जागा. त्यातही फॉन्टला ठळक वजन नसेल, तर लाटेक लॉग फाइलमध्ये इशारा लिहून साधंच अक्षर छापतं. थांबत नाही. म्हणून मी झीलाटेकवर मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घेतला. त्याला ७ वजनं आहेत.

जागेचं महत्त्व मात्र हाटकेशला कळलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका मी बसवत होतो. आर्टिकल क्लासमध्ये सेक्शनच्या वर साधारण ३.५ एक्स, खाली २.३ एक्स जागा असते. एक्स म्हणजे इंग्रजी छोट्या एक्सची उंची. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार. तेवढी जागा त्यांतच जाते. देणगीदारांची यादी संपली की लगेच शीर्षक होतं: 'श्रद्धांजली'.

प्रूफ शेजारच्या काकांना दाखवलं. काका तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे. म्हणाले, "अरे, देणगी देणारे सगळे मेले की काय? मथळा ज्या मजकुराचा, त्याच्याजवळ बसव."

मी वर ६, खाली १.५ केलं आणि पुन्हा प्रिंट काढली. त्या मथळ्याखाली तिसरं नाव काकूंचं होतं. काकांनी चष्मा पुसला, मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं नि म्हणाले, "अजून थोडी सोड."

छापलेल्या प्रतीत तिथे ८ एक्स आहे.