उल्हासकाठचे बंदर

कल्याण हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे तेथील आगगाडीचे स्थानक उभे राहते. परंतु आगगाडी येण्यापूर्वी कित्येक शतके हे नगर दूरदेशींच्या लोकांस ठाऊक होते, आणि ते उल्हास नदीमुळे.

ही नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर अशी गावे मागे टाकीत ती कल्याणास येते आणि पुढे ठाण्याजवळून वळसा घेऊन घोडबंदरावरून वसईस समुद्राला मिळते. कल्याणास तिच्या गोड्या पाण्याला भरतीचे खारे पाणी भेटते. म्हणून येथपासून लोक तिला नदी न म्हणता खाडी म्हणतात. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते येथवर चढत. उलट बाजूने पैठण, जुन्नर येथील माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटाने खाली उतरे. पाण्याची वाट आणि घाटाची वाट जेथे एकमेकींस भेटल्या, तेथे पेठ वसली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘कल्लिएना’ नावाने हे बंदर आढळते. तेथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे ग्रंथकार सांगतो. बाजाराची ही कोंडी वाचून मला वाईट वाटत नाही. ज्या बंदराचा कोणास हेवा नाही, त्याची कोंडी कोण करील? कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. तेही येथील वैभवाची साक्ष देतात.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले व येथे जहाजे बांधावयास आरंभ केला. “समुद्र इतका दूर असता जहाजे येथे का बांधली?” हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारीच, आणि तो मला फार आवडे. खाडीचे पाणी शांत होते, सागवान जवळच्या रानांत मिळे आणि दुर्गाडी किल्ल्याचा पहारा होता. अडचण एकच, पण मोठी होती. समुद्राकडे जाणारी वाट ठाणे-वसईवरून जाई, आणि ती दोन्ही ठिकाणे पोर्तुगिजांकडे होती. त्यांच्या दाराशी बसून, पोर्तुगीज कारागीरच कामास लावून, महाराजांनी आरमार उभारले! पुढे ते कारागीर काम सोडून निघून गेले. जहाजे बांधणे मात्र थांबले नाही.

कालांतराने गाळाने खाडी उथळ झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. तेथून तिला दोन फाटे फुटले: एक थळघाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. घाटांतून उतरणारा माल आता रुळांवरून थेट मुंबईस जाऊ लागला. नगराने नदीकडे पाठ फिरविली.

दक्षिण अमेरिकेतील ब्वेनोस आयरेस हे नगरही एका विशाल नदीमुखावर वसले आहे. तेथील पाणीही असेच गढूळ व उथळ. पण तेथे गाळ सतत उपसून जहाजांची वाट मोकळी राखतात, आणि रहिवासी आजही स्वतःस ‘पोर्तेन्यो’, म्हणजे बंदरकर, म्हणवितात. आपल्याकडे ‘रेतीबंदर’ या नावात तेवढे बंदर उरले आहे. काठच्या सखल जमिनींवर, जेथे पूर्वी पुराचे पाणी पसरे, तेथे आपण इमारती उठविल्या.

नदी मात्र आपली जागा विसरलेली नाही. २६ जुलै २००५ रोजी तिने कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत पाणी घातले. २७ जुलै २०१९ रोजी तर मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्यामध्ये तिच्या पुरात अडकली. रुळांच्या दोन्ही अंगांस पाणीच पाणी! गाडीतील हजाराहून अधिक प्रवाशांना त्या दिवशी होड्यांतून बाहेर काढण्यात आले.