नाव तेच, क्लास दुसरा

‘कनेक्शनफॅक्टरीचं रूपांतर कनेक्शनफॅक्टरीत करता येत नाही.’ रात्री साडेअकराला लॉगमध्ये अशा अर्थाची ओळ वाचली आणि मला हसूच आलं. फार वेळ टिकलं नाही, कारण तिकडे क्यूमध्ये मेसेज साठत चालले होते.

काम साधं वाटलं होतं. आमचं मेसेजिंगचं जुनं इंटिग्रेशन जेएमएसवर चालायचं. ते ओएसजीआय कंटेनरमध्ये, म्हणजे अपाचे कराफमध्ये हलवायचं होतं. जुन्या व्यवस्थेत सगळ्या जार फाइल एकाच लिब फोल्डरमध्ये असत. कुणीही कुणाचंही काहीही वापरावं. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलचा क्लासलोडर वेगळा. दुसऱ्याचं पॅकेज हवं असेल तर मॅनिफेस्टमध्ये ‘इम्पोर्ट-पॅकेज’ लिहून मागायचं, आणि समोरच्याने ते एक्स्पोर्ट केलेलं असेल तरच मिळणार.

मला हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रकार वाटला. एकेक पॅकेज शोधून लिहिताना वैतागलो आणि एका शुक्रवारी संध्याकाळी ‘डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेज’पुढे स्टार टाकून मोकळा झालो. म्हणजे, जे लागेल ते, लागेल तेव्हा, ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून घे. सगळं चाललं. मी घरी गेलो.

दीड महिन्याने दुसऱ्या टीमचं एक बंडल आलं. त्याने जेएमएस एपीआयची स्वतःची प्रत आणली आणि एक्स्पोर्टही केली. रीस्टार्टनंतर माझ्या बंडलने ती प्रत उचलली. जेएनडीआयमधून हातात आलेली फॅक्टरी मात्र जुन्या प्रतीतली होती. जावात क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही. नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर, दोन्ही जुळावे लागतात. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात एकाच नावा-आडनावाचे दोघे होते. हजेरीला सर वडिलांचं नावही घेत. माझ्या बंडलने वडिलांचं नाव विचारलंच नव्हतं.

कॉलवर मॅनेजरने विचारलं, “त्या नव्या बंडलमुळेच झालं ना हे?” हो म्हणणं सोपं होतं, अर्धं खरंही होतं. ते बंडल लिहिणारी मुलगी नोकरीत माझ्याहून दोन वर्षांनी नवी. ती गप्प होती.

“ते निमित्त झालं. स्टार मी टाकलाय,” मी म्हणालो.

त्याच रात्री स्टार काढला. इम्पोर्टमध्ये जेएमएसची आवृत्ती १.१पासून २च्या आत अशी बांधून टाकली. सकाळी तिनेही तिच्याकडची जास्तीची प्रत काढली. मेसेज ब्रोकरवर पर्सिस्टंट होते, म्हणून एकही हरवला नाही.

आता माझ्या मॅनिफेस्टमध्ये इम्पोर्टच्या तेवीस ओळी आहेत. वाचायला कंटाळवाण्या. पण कुणाकडून काय घेतलंय, ते त्यात लिहिलेलं आहे.