दादरला जायचं की नाही

चि. ओंकार,


केटरिंग कॉलेजात तीन वर्षं आणि इतकी फी घालवण्यापेक्षा पोराने सरळ एखाद्या हॉटेलात लागावं, असं तुझ्या आईचं मत. ताईचं सगळंच चूक नाही. चव कॉलेजात शिकवत नाहीत. वाटप कुठवर भाजायचं ते तू आजीशेजारी उभा राहून शिकलास. तिथे प्राध्यापकाचं काम नाही. हेस्टन ब्लुमेन्थालसारखा जगभर गाजलेला शेफसुद्धा बहुतेक स्वतःच शिकला.

तरी दादर केटरिंगला प्रवेश मिळत असेल तर जा. मी तिथलीच, म्हणून बाजू घेते म्हण हवं तर!

घरी आपण आपल्या माणसांसाठी रांधतो. दुपारचा भात ओट्यावर राहिला तर रात्री फोडणी देतो, कुणी काही म्हणत नाही. चारशे पानांच्या भाताचं तसं नाही. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की जिवाणू वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात एकतर 60 अंशांच्या वर ठेवायचा, नाहीतर परातींत पसरून झटपट गार करून 5 अंशांखाली न्यायचा. हॉटेलातला उस्ताद ‘भात पसरव’ एवढंच ओरडतो. का, ते गर्दीत विचारशील कुणाला? कॉलेजात विचारता येतं. फी मुख्यतः त्याचीच, असं मला वाटतं.

दुसरं, हिशेब. समज, सुरमई 800 रुपये किलो. डोकं, शेपूट, पोटातलं गेलं आणि 650 ग्रॅम तुकड्या उरल्या, तर तुकडीचा भाव किलोला सुमारे 1,230 रुपये पडला. हे न मांडता थाळीचा दर ठरवणारे सुगरण हात मी बुडताना पाहिलेत.

अभ्यासक्रमात फ्रेंच सॉस फार आणि आपलं कमी, ही तक्रार खरी आहे. पण मुंबईचा शेफ फ्लॉइड कार्डोझ स्वित्झर्लंडला जाऊन शिकला, आणि 2011 साली ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही पाककला स्पर्धा जिंकला तो मश्रूम घातलेल्या उपम्याच्या जोरावर. तिथे शिकला म्हणून उपमा विसरला नाही.

खासगी कॉलेजं मात्र जपून बघ. चकचकीत लॉबी दाखवतील. आठवड्याला किती तास प्रत्यक्ष शेगडीपुढे उभं करतात, एका शेगडीवर किती पोरं, आणि ट्रेनिंगला कुठे पाठवतात ते विचार. उत्तर गोलमाल आलं तर पैसे भरू नकोस.

फॉर्म भर, आणि निकाल लागेपर्यंत माझ्याकडे कामाला ये. लग्नसराई आहे. पहिले दिवस कांदे आणि भांडी, पगार बाकीच्या पोरांइतकाच. बंद बूट आण, चपलेवर स्वयंपाकघरात घेणार नाही.

तुझी,
मावशी