जुन्या संगणकाचे नवे अवयव

घरातील एखादी वस्तू जुनी झाली, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाकून द्या", दुसरा म्हणतो, "चालते आहे तोवर चालू द्या." आमच्या घरी हा वाद गेली दहाएक वर्षे एका संगणकावरून चालू आहे. पहिल्या पक्षात आमचे चिरंजीव आणि त्यांच्या मातोश्री. दुसऱ्या पक्षात आम्ही आणि आमच्या मातोश्री. वाद लांबविण्याची विद्या आम्हांस व्यवसायामुळेच अवगत असल्याने तो संगणक अद्याप वसरीलगतच्या खोलीत सुखाने नांदत आहे.

तो घरी आला 2009 साली, चवथीच्या आधी. म्हापशाच्या एका दुकानदाराने सुटे भाग आमच्या डोळ्यांदेखत जोडून तो उभा केला. कोअर टू ड्युओ जातीचा प्रोसेसर, 2 जीबी रॅम आणि 320 जीबीची हार्ड डिस्क! घरातील दागिन्यांचे वजन सांगावे, तशी ही मापे आम्ही त्या काळी येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगत असू. आज चिरंजीवांच्या खिशातील फोन त्याहून बलवान आहे, आणि ते ही गोष्ट आम्हांस वरचेवर ऐकवतात.

यथाकाल एकेक अवयव कुरकुरू लागला. प्रथम गेली स्मृती. 2014 च्या सुमारास यंत्रास तारखेचा विसर पडू लागला. रोज सकाळी ते जागे होई, ते 1 जानेवारी 2009 या दिवशीच. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज बंद असतानाही आतील घड्याळ चालते ठेवणे हे तिचे काम. 'सीआर 2032' हे तिचे नाव म्हणजे वस्तुतः तिचे मापच आहे: व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2. ती संपली होती. वकिलाच्या घरात तारीख विसरणारे यंत्र ठेवणे बरे नव्हे. दिवाणी अपिलास उच्च न्यायालयात 90 दिवस, इतर न्यायालयात 30 दिवस अशी मुदत असते. आमच्या यंत्राच्या हिशेबाने कोणाचीच मुदत कधी संपली नसती. काही पक्षकारांना ते फार प्रिय झाले असते. असो. थोडक्या रुपयांच्या त्या बॅटरीने यंत्र ताळ्यावर आले.

पण गोव्याच्या हवेत संगणक लवकर म्हातारा होतो. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि धातूला गंज. दर आषाढात आमचा संगणक पडदा काळा ठेवून नुसता 'टूं टूं' करी. उपाय सोपा होता. रॅमची पट्टी बाहेर काढायची, तिच्या सोनेरी दातांवर साधे खोडरबर फिरवायचे आणि ती पुन्हा खाचेत बसवायची. आई प्राथमिक शाळेत मराठी शिकवीत असे. सेवानिवृत्तीनंतर उरलेली खोडरबरे अशी कामी आली. 2017 च्या परतीच्या पावसात वीज कडाडली आणि वीजपुरवठ्याची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती जळाली. 2021 साली मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले. या लहानशा नळकांड्यांची डोकी सपाट असावी लागतात. आतील द्रव उष्णतेने आटू लागून वायू धरला, की ती पुरीसारखी टम्म होतात. बाजारातील दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पाच कपॅसिटर उपटून नवे डाखले, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला आणि तळाशी वसाहत केलेल्या मुंग्यांना बाहेरचा रस्ता दाखविला.

त्या दिवशी चिरंजीवांनी आमची उलटतपासणी घेतली. पडदा बदलला, कळफलक बदलला, एसएमपीएस नवा, पंखा नवा. मग हा 'तोच' संगणक कसा? आम्ही उत्तर जुळवीत होतो, इतक्यात आई म्हणाली, "माझ्या दोन्ही डोळ्यांत नवी भिंगे घातली आहेत, उजवा गुडघा धातूचा आहे. मग मी कोणाची आजी?" (आमच्या घरात बोलणे कोंकणीत चालते आणि लिहिणे मराठीत, तेव्हा हा तर्जुमा समजावा.) चिरंजीव निरुत्तर झाले. आम्ही मात्र त्या रात्री कायद्याचे पुस्तक उघडले, कारण आईने जे एका वाक्यात निकालात काढले त्यास आधार शोधणे हाच आमचा चरितार्थ आहे.

आणि आधार सापडला! भारतीय पुरावा अधिनियम, 1872 यात 2000 साली 65 ब हे कलम घालण्यात आले होते. 1 जुलै 2024 पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तरी जुन्या कलमाचे तिसरे पोटकलम आम्हांस आजही स्मरणीय वाटते. एखादे काम ठरावीक काळात नियमितपणे एकामागून एक अशा निरनिराळ्या संगणकांवर झाले असेल, तर ते सारे संगणक मिळून एकच संगणक मानावा, असे ते सांगत होते. म्हणजे संगणकाचे ऐक्य त्याच्या पत्र्यात नसून त्यावर नित्य चाललेल्या कामात आहे. आम्ही विजयी मुद्रेने हे चिरंजीवांस वाचून दाखविले. हेच कलम पुढे आमच्या विरुद्ध उभे राहील, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

कारण त्या संगणकावर नित्य चाललेले काम आमचे नव्हतेच. ते आईचे होते.

आईचे माहेर पेडणे महालातील. त्या बाजूस पौषातील चांदण्या रात्री मांडावर बायका धालो खेळतात. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहून, लवत, मागेपुढे होत गातात. नोकरीत असताना, सुट्टी मिळेल त्या पौषात, आई माहेरी जाई आणि ती गीते शाळेच्या वह्यांत उतरून घेई. ती कोंकणी की मराठी, हा खटला आम्ही येथे उघडू इच्छित नाही. गाणाऱ्या बायकांनी तो कधीच दाखल केला नव्हता. संगणक आल्यावर आई साठीच्या उंबरठ्यावर इन्स्क्रिप्ट कळफलक शिकली. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. "स्वर एका हातात, व्यंजन दुसऱ्या हातात, अक्षर दोघांचे," असे ती म्हणे. तीन वर्षांत 214 गीते तिने टंकित केली.

2012 साली घराला रंग काढला. कपाटात वह्या सापडल्या. कडांना वाळवी लागली होती. आई म्हणाली, "राहू देत." आम्ही म्हणालो, "सगळे संगणकात आहे ना? वाळवी इतर पुस्तकांना लागेल." आणि आमच्या हाताने त्या रद्दीत घातल्या. पक्षकारास मूळ दस्त जपण्याचा उपदेश करण्यात ज्याचा दिवस जातो, त्याने आपल्या घरातील मूळ दस्त किलोच्या भावाने विकला.

गेल्या पावसाळ्यात संगणकातून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला 7,200 फेरे घेतात आणि त्यांवरून वाचणारी सुई त्यांना स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी अंतरावरून तरंगत जाते. ती आपली जागा शोधून पुन्हापुन्हा परत फिरू लागली, म्हणजे असा आवाज येतो. तो तरुण आला, कान लावून ऐकले आणि यंत्र तत्काळ बंद केले. म्हणाला, "वकीलबाब, ही डिस्क मरपाक लागल्या. कॉपी खंय आसा?"

न्यायालयात आम्हांस आजवर पुष्कळ प्रश्न अडचणीचे गेले. पण इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. पोर्तुगीज अमलात गोव्यात दस्त नोतारीच्या पुस्तकात लिहिला जाई आणि पक्षकारास त्याची नक्कल मिळे. घर जळाले तरी दस्त जळत नसे. त्या जुन्या पुस्तकांवर आमच्या कित्येक दाव्यांचे भवितव्य ठरले आहे. एवढे ठाऊक असून सोळा वर्षे आम्ही बॅटरी बदलली, कपॅसिटर बदलले, मुंग्या हाकलल्या. ज्यासाठी हे सारे, त्याची एक नक्कल करून ठेवणे आम्हांस सुचले नाही. पोटकलमात यंत्राचे ऐक्य शोधणाऱ्यास कामाचा विसर पडला होता.

आईला आम्ही सांगितले. ती काही बोलली नाही. वह्यांचा विषयही तिने काढला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

त्या तरुणाने डिस्क घरी नेली आणि दुसऱ्या यंत्राला जोडून तीन रात्री तिची नक्कल उतरविली. त्याची रीत आम्हांस परिचयाची वाटली. सहज वाचता येईल तो भाग आधी घ्यायचा. जेथे सुई अडेल ती जागा सोडून पुढे जायचे आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे थोडे थोडे करीत परत यायचे. बुजऱ्या साक्षीदारास बोलते करण्याची हीच रीत आहे. चौथ्या दिवशी तो परतला, तो 203 गीते घेऊन. 11 वाचली गेली नव्हती.

परीक्षा येथे संपली नाही. ही गीते ज्या जुन्या फाँटात होती, त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तो फाँट नसला तर सारा मजकूर अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी नि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. आई आपल्या नव्या भिंगांनी ते दोन महिने सुधारीत होती. हार्ड डिस्कच्या जागी आता एसएसडी आहे. तिच्यात फिरणारे काहीच नाही. संगणक चटकन उघडतो आणि अगदी निःशब्द चालतो. पहिल्या दिवशी आई त्याच्यापुढे जरा वेळ बसून म्हणाली, "हो आतां उलयना." एवढ्या वर्षांची घरघर तिच्या कानांच्या सवयीची झाली होती.

हरवलेल्या अकरांपैकी सात गीते तिने आठवून लिहिली. उरलेली चार माहेरच्या एकाच बाईकडून मिळाली होती. त्या 2015 साली वारल्या. सूचीचे पान सुखरूप निघाल्याने त्या चारही गीतांच्या पहिल्या ओळी आपल्यापाशी आहेत. पुढचे काही नाही. "चाल याद आसा, उतरां नात," आई म्हणाली, आणि शब्दांवाचून ती चाल गुणगुणली. टाकून देण्याच्या पक्षातील आमच्या चिरंजीवांनी, कोणी न सांगता, ती आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित केली आणि त्याच रात्री तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेविल्या.

नव्या प्रतीत आईने त्या चार ओळी छापून खाली जागा कोरी सोडली आहे. ती भरण्याचा किंवा मिटविण्याचा अधिकार तिने आम्हांस दिलेला नाही. वाचकहो, आपल्यापैकी कोणाची आजी वा मावशी पेडण्याच्या मांडावर धालो खेळली असेल, तर तिला एकदा गायला सांगावे आणि लिहून घ्यावे. आमच्या चार ओळी त्यात निघाल्या तर ठीकच; न निघाल्या तरी लिहिलेले वाया जाणार नाही. फक्त वही रद्दीत घालू नये, आणि नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी.