विशाखापट्टणम : येथे समुद्राला वाळू परत द्यावी लागते

अराकू खोऱ्यात जाणारे बरेचसे पर्यटक विशाखापट्टणमला फक्त एका रात्रीचा मुक्काम करतात. सकाळ झाली की गाडी पकडून डोंगराकडे निघून जातात. हा या शहरावर अन्यायच आहे. बंदर, चौपाटी, जंगल आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध विहार एकाच किनाऱ्यावर सापडतील अशी शहरे आपल्या देशात फारशी नाहीत. निदान तीन दिवस हाताशी ठेवूनच येथे यावे.

शहराच्या दक्षिणेला एक टेकडी थेट समुद्रात घुसली आहे. डॉल्फिनने नाक पुढे काढावे तसा तिचा आकार, म्हणून नाव पडले 'डॉल्फिन्स नोज'. तिच्याच आडोशाला १९३३मध्ये बंदर सुरू झाले. तोंडाशी लाटा अडवण्यासाठी तेव्हा दोन जुनी जहाजे मुद्दाम बुडवण्यात आली होती. जहाजांच्या वाटेच्या दुसऱ्या बाजूला तीन छोट्या टेकड्या आहेत. एकीवर चर्च, दुसरीवर दर्गा आणि तिसरीवर व्यंकटेश्वराचे मंदिर!

मराठी माणसाला या बंदराविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१मध्ये येथे जहाज बांधणीचा कारखाना उभारायला घेतला. त्यातून तयार झालेले 'जलउषा' हे जहाज १९४८मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. तोच कारखाना आज हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून ओळखला जातो.

बंदराने शहराला वैभव दिले, पण त्याची किंमत चौपाटीने मोजली. या किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ वाळू लाटांबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराचे बांध आणि खोल खणलेला जलमार्ग ही वाळू मध्येच अडवतात. रामकृष्ण बीच, म्हणजे लोकांचा लाडका 'आर. के. बीच', नेमका बंदराच्या उत्तरेला! वरून येणारी वाळू कमी, लाटांनी ओढून नेलेली जास्त. मग किनारा खचतो, कडेच्या भिंतीला तडे जातात. त्यामुळे बंदरात अडकलेली वाळू गाळ काढणाऱ्या जहाजाने उपसून पुन्हा या चौपाटीवर आणून टाकावी लागते. संध्याकाळी येथे 'मुरी मिक्श्चर' खात बसलेल्या गर्दीला पायाखालची वाळू अशी उसनी आणलेली आहे, याची कल्पनाही नसते. (मुरी मिक्श्चर म्हणजे आपल्या भेळेचीच तेलुगू बहीण, फक्त जरा जास्त तिखट.)

या वाळूची वाट आणखी कोणीतरी पाहत असते. साधारण जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री किनाऱ्यावर येतात. मागच्या पायांनी खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत समुद्रात निघून जातात. कोकणातल्या वेळासला कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे नवे नाही. पण वेळास हे खेडे आणि हे लाखो वस्तीचे शहर. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राऐवजी रस्त्यावरचे दिवे अधिक लखलखीत असले, तर ती रस्त्याकडेच वळतात. कुत्र्यांचा उपद्रव वेगळाच. मासेमारीच्या जाळ्यात गुदमरून मेलेली मोठी कासवेही अधूनमधून किनाऱ्याला लागतात. म्हणून वनखाते अंडी गोळा करून कुंपण घातलेल्या जागेत उबवते. सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्रात सोडली जातात.

चौपाटीवरच 'कुरसुरा' ही खरीखुरी पाणबुडी उभी आहे. ती १९६९मध्ये नौदलात आली आणि २००१मध्ये निवृत्त झाली. आत शिरल्यावर खलाशांच्या झोपायच्या जागा पाहून मुले तर सोडाच, मोठेही अवाक होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करूनच आत जावे. १९७१च्या युद्धात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी याच शहराजवळच्या समुद्रात बुडाली. त्या विजयाचे स्मारकही जवळच आहे.

दुसरा दिवस भीमुनिपट्टणमच्या रस्त्यासाठी ठेवावा. डावीकडे टेकड्या, उजवीकडे समुद्र अशा या रस्त्यावर आधी ऋषिकोंडा लागतो. पुढे थोटलकोंडाच्या टेकडीवर बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. भिक्षूंनी पाण्यासाठी खडकात कोरलेल्या टाक्यांवरूनच टेकडीला हे नाव मिळाले. आणखी पुढे लाल मातीच्या दिब्बा, म्हणजे हजारो वर्षांत घडलेले वाळूचे लालभडक ढीग. भीमुनिपट्टणमला डच व्यापाऱ्यांची जुनी थडगी दिसतात.

तिसऱ्या दिवशी सिंहाचलम. वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते आणि मूळ रूपाचे दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला होते. त्या दिवशी प्रचंड गर्दी असते, मुलांना घेऊन जाणे टाळलेले बरे. परतताना प्राणिसंग्रहालय आणि महामार्गापलीकडचे कंबालकोंडा अभयारण्य पाहता येते.

मुंबईहून थेट रेल्वेगाडी आहे, विमानसेवाही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आर. के. बीचवर लाटांची ओढ जबरदस्त असते, तेव्हा पाय भिजवण्यावरच समाधान मानावे. कासवांची पिल्ले सोडताना पाहायची असतील, तर वनखात्याकडे आधी चौकशी करावी, पहाटे लवकर जावे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा.